बुधवारचं झाकण

मित्रांनो, मी जुनी आहे, प्लॅस्टिकची आहे आणि मला सात खण आहेत. एवढं सांगितलं की मोठी माणसं मला लगेच ओळखतात. लहान मुलं ओळखत नाहीत. कुणाला मी मण्यांची पेटी वाटते, कुणाला रंगांची, कुणाला बाहुल्यांचं सात खोल्यांचं घर. म्हणून मी कोण ते आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात नेमकं तेच सांगायचं राहून गेलं होतं. मी औषधाच्या गोळ्या ठेवायची डबी आहे. सोमवारपासून रविवारपर्यंत सात वार, त्यांचे सात खण.

माझा जन्म एका कारखान्यातला. तापलेल्या साच्यातून आम्ही एका दमात चाळीसजणी बाहेर पडलो. सगळ्यांचा तोंडावळा सारखा, उंची सारखी, झाकणांचा आवाजही सारखा. टक्. तेव्हा मला याचा फार अभिमान वाटला होता. सारखेपणाची भीती वाटायला हवी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

औषधांच्या दुकानात मी बरेच दिवस खिळ्याला टांगलेली होते. मग एके दिवशी एका माणसाने मला विकत घेतलं आणि आपल्या वडिलांच्या हातात ठेवलं. त्या वडिलांना घरातले सगळे नाना म्हणतात, नातवंडंसुद्धा. नानांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता त्यांचे हात थोडे कापतात, पण नजर अजून बारीक आहे. दर रविवारी सकाळी ते मला उघडून बसत आणि प्रत्येक खणात तीन गोळ्या ठेवत. पांढरी रक्तदाबाची, पिवळी पोटाची, गुलाबी साखरेच्या दुखण्याची. गुलाबीला वरून गोड मुलामा होता. ते मला फार पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

"ही माझी सेक्रेटरी," असं नाना आल्यागेल्याला सांगत. "मी विसरलो तरी ही विसरत नाही."

चार वर्षं मी त्यांची सेक्रेटरी होते. मग माझ्या रविवारच्या झाकणाची पकड सुटली. पिशवीत टाकलं की ते आपोआप उघडे आणि गोळ्या सांडत. नानांच्या मुलाने त्याच दुकानातून, त्याच खिळ्यावरून, माझ्यासारखीच दुसरी डबी आणली. माझ्याच साच्यातली. म्हणजे माझी बहीणच म्हणा. ती फ्रिजच्या डोक्यावर जाऊन बसली. मी कपाटाच्या एका खणात गेले, जिथे संपलेले सेल, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि कशाचे ते आठवत नसलेले स्क्रू राहतात. तिथे मला कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं, पण भीती नव्हती. आज वाटतं, मी तिथेच राहिले असते तर किती बरं झालं असतं.

मला तिथून बाहेर काढलं ते आईने. आई म्हणजे नानांची सून, ताईची आणि ढब्बूची आई. ताई आठ वर्षांची. ढब्बू साडेतीन वर्षांचा. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त डॉक्टरांच्या कागदावर वापरतात. आई घरी बसून शाळेच्या पुस्तकांच्या छपाईतल्या चुका शोधते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे दिवसभर ते कुठल्या ना कुठल्या इमारतीत दोन मजल्यांच्या मधे असतात.

त्या वर्षी ताईच्या शाळेच्या छताचं काम निघालं आणि शाळा दोन महिने बंद झाली. ढब्बूची बालवाडी त्याच इमारतीत होती. दोन्ही मुलं घरी, नाना घरी, आईचं काम घरी. पहिल्या दिवशी संध्याकाळी घर असं दिसत होतं, की जणू कुणीतरी ते उचलून हलवलं आणि परत खाली ठेवलं. आई दाराशी उभी राहून ते पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीतीच होती. मुलं मागे पडतील, काम हातचं जाईल, नानांचं काहीतरी राहून जाईल, अशी सगळीकडची भीती एकदम.

भीती वाटली की आई यादी करते. तिने छपाईच्या जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून एक मोठा तक्ता केला आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावला. अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी. साडेआठला धुतलेल्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं, म्हणजे कपड्यांच्या घड्याही झाल्या आणि ढब्बूला सारखं-वेगळं हेही कळलं. नऊला कांदे-बटाटे तराजूत टाकून ताईचं वजनमाप. साडेनऊला नानांच्या जुन्या घड्याळावर तास-मिनिटं. संत्र्याच्या फोडींवर अपूर्णांक. मोठ्या माणसांसाठीही चौकटी होत्या.

"सूनबाईंच्या घरात शिंकेलाही वेळ ठरलेली असते," नाना म्हणाले. "माझी चौकट कोणती गं? झोपायची आहे का त्यात?"

"नाना, तुम्ही पण ना! दुपारी दोन ते तीन. आणि घोरायचं नाही, ताईचा वाचनाचा तास असतो तेव्हा."

घर हसलं. आणि खरं सांगते, तक्त्याने घर सावरलं. मीही त्या तक्त्यात आले. ढब्बूला वार शिकवायला आईला सात खणांचं काहीतरी हवं होतं आणि तिला मी आठवले. तिने मला गरम पाण्याने धुतलं. पुसलं, वास घेतला, पुन्हा धुतलं. असं तीनदा. औषधाचा कणही राहायला नको म्हणून टाचणीने कोपरे साफ केले. इतकी जपणारी आई मी पाहिली नाही. पण मित्रांनो, ती माझ्या आतलं बघत होती. मी बाहेरून कशी दिसते, आणि माझ्यासारखी अजून कोण त्या घरात आहे, हे त्या दिवशी तिच्याही ध्यानात आलं नाही, नानांच्याही नाही, कुणाच्याच नाही.

माझ्या झाकणांवर तिने सात रंगांचे ठिपके चिकटवले. दर रविवारी ती प्रत्येक खणात दोन मनुका आणि एक घडी घातलेली चिठ्ठी ठेवी. चिठ्ठीवर चित्र असे. बुटाचं चित्र असलं तर बुटांची जोडी शोधून आणायची. जिन्याचं असलं तर पायऱ्या मोजायच्या. रोज दहाला ढब्बू माझ्यासमोर मांडी घालून बसे.

"आज काय वार?"

"एक, दोन, तीन. बुधवार!"

"शाब्बास! उघड."

उघडायचं, मनुका खायच्या, काम करायचं, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तीन आठवड्यांत त्याला सगळे वार आले. ठिपके न बघता, नुसतं बोटाने मोजून तो बरोबर खण दाखवू लागला. आईने बाबांना कौतुकाने फोन करून ते सांगितलं. मलाही मोठा गर्व झाला. त्या खणातल्या स्क्रूंमध्ये पडलेली मी आता मास्तरीण झाले होते ना!

आता मी काय शिकवलं ते बघा. पांढरी डबी, सात झाकणं, आजचं झाकण उघडायचं आणि आत असेल ते तोंडात टाकायचं. मी हे रोज शिकवत होते. मन लावून.

चौथ्या रविवारी आईकडे एक जाडजूड पुस्तक तपासायला आलं आणि मला भरायचं राहून गेलं. सोमवारी, मंगळवारी तिने आयत्या वेळी ढब्बूच्या तळहातावर मनुका ठेवून वेळ मारून नेली. बुधवारी दहा वाजायला आणि छापखान्यातून फोन यायला एकच गाठ पडली. एका पानावर मोठी चूक राहिली होती आणि छपाई थांबली होती. आईने फोन कानाला लावला, दुसऱ्या हाताने तक्त्याकडे बोट दाखवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तक्त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दहा वाजता, ढब्बू, डबी, आई नसेल तर ताई घेईल.

ताई खिडकीशी पुस्तकात बुडालेली होती.

"ताई, खाऊ नाहीये."

"असेल रे. नीट बघ."

"नाऽऽही. बुधवार रिकामा आहे."

"मग मी काय करू? जा, तूच शोध. माझी दोनच पानं राहिलीत."

ढब्बू आज्ञाधारक मुलगा आहे. तो शोधायला गेला.

माझी बहीण एरवी फ्रिजवर असते. त्या सकाळी नानांनी तिला नाश्त्यानंतर गोळ्या घ्यायच्या म्हणून जेवणाच्या टेबलावर काढून ठेवलं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन दारात आल्या. "नाना, जरा बघता का? फार दिवस झाले हो." घड्याळ म्हटलं की नाना सगळं विसरतात. ते डोळ्याला भिंग लावून बाहेरच्या खोलीत बसले होते.

मी मुलांच्या ठेंगण्या टेबलावर होते, झाकण उघडं टाकलेली. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ढब्बू माझ्या बहिणीला घेऊन जेवणाच्या टेबलाखाली शिरताना दिसला. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी ऐकलं, तो हळू आवाजात मोजत होता. एक, दोन, तीन.

टक्.

तो आवाज माझाच होता आणि माझा नव्हता. मित्रांनो, मला तोंड नाही, हात नाहीत. मला ओरडता येत नाही. त्याचा हात तोंडाकडे गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. किती वेळा, ते मी मोजू शकले नाही.

आई फोन संपवून बाहेर आली आणि दोन पावलांत थबकली. "घर इतकं शांत कसं?" ती म्हणाली. मुलांच्या आया आवाजाला घाबरत नाहीत, शांततेला घाबरतात. तिने वाकून टेबलाखाली पाहिलं.

"ढब्बू! काय आहे हातात? तोंड उघड. आ कर. आऽ!"

ढब्बूने खुशीत तोंड उघडलं. जीभ गुलाबी झाली होती. "मी बुधवार खाल्ला," तो म्हणाला आणि टाळ्यांची वाट पाहत बसला.

आईने त्याच्या हातातली डबी हिसकावली. "नाना! नाना, तुम्ही सकाळच्या गोळ्या घेतल्यात का?"

नाना भिंग तसंच डोळ्याला लावून आत आले. "गोळ्या? घेतल्या की. नाही, थांब. चहा घेतला. गोळ्या... घेतल्या असतील. काल घेतल्या होत्या ना?"

"आज! आज घेतल्या का? बुधवारचा खण रिकामा आहे!"

नानांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "मला आठवत नाही गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला.

आईने माझ्या बहिणीला ठेंगण्या टेबलावर माझ्याशेजारी ठेवलं आणि दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. उलटी करवू नका. काही खाऊपिऊ घालू नका. आत्ताच्या आत्ता मुलाला घेऊन या आणि गोळ्यांची डबी बरोबर आणा. आईने ढब्बूला एका हाताने कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने न बघता टेबलावरची डबी उचलली आणि पिशवीत टाकली.

तिने मला उचललं होतं.

जिन्यावर ताई अनवाणी मागून धावत आली आणि टॅक्सीत शिरली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नाही. आई सारखी ढब्बूचे गाल थोपटत होती. "झोपू नकोस हं, राजा. माझ्याकडे बघ. तो बघ सिग्नल, कोणता रंग?" मी पिशवीच्या तळाशी होते. किल्ल्या माझ्यावर आपटत होत्या. मी रिकामी आहे, मी ती नाही, हे मला माहीत होतं आणि त्या टॅक्सीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यात ढब्बूला लगेच आत घेतलं. पडद्याआड त्याचं रडणं सुरू झालं. नर्सने आईच्या पिशवीतून मला काढलं आणि सातही झाकणं एकामागून एक उघडली. प्रत्येक झाकणाबरोबर तिच्या कपाळाची आठी वाढत गेली.

"डॉक्टर, सगळे खण रिकामे आहेत."

डॉक्टर पडद्याबाहेर आल्या. "सगळे? एका खणात किती गोळ्या असतात, आई?"

"तीन," आई म्हणाली. "तीन वेगवेगळ्या."

"आज बुधवार. म्हणजे पाच खणांच्या पंधरा?"

आई पडद्याकडे धावली. नर्सने तिला अडवून खुर्चीवर बसवलं. "मी फक्त बुधवारचा खण पाहिला. बाकीचे मी उघडून पाहिलेच नाहीत. बाकीचे पाहिलेच नाहीत मी."

मग सगळं वेगात झालं. पोट धुवायची नळी आली. कुणी मोठ्या रुग्णालयाला फोन लावला, अतिदक्षता विभागात जागा आहे का विचारायला. पंधरा हा आकडा या तोंडातून त्या तोंडात जात होता आणि प्रत्येक वेळी जास्त मोठा वाटत होता. त्या चिमुकल्या पोटात पंधरा गोळ्या समजून ते जे करणार होते, तेही सोपं नव्हतं. आणि मी स्टीलच्या ट्रेमध्ये सातही तोंडं उघडी टाकून पडले होते. सातही तोंडं उघडी, आणि एक शब्द निघत नव्हता. माझ्या झाकणांवर ठिपके होते. पण नर्सला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसाच्या सोयीसाठी लावले असतील. आई मान खाली घालून बसली होती. माझ्याकडे एकच जण पाहत होतं.

ताई भिंतीला चिकटून उभी होती. तिने मला ओळखलं होतं. ठिपके तिनेच तर आईला कापून दिले होते. ती मला ओळखून गप्प होती. का, तेही मला समजत होतं. ही डबी आपली आहे असं म्हटलं की पुढे रिकामी का होती ते आलं, आणि मग ढब्बू एकटा का होता, तेही आलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी फिरून आला. आठ वर्षांच्या मुलीला ती फेरी किती लांब वाटली असेल!

"ती नानांची डबी नाहीये," ती म्हणाली. इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं.

"बाळा, तू बाहेर बाकावर बस," नर्स म्हणाली.

"नाही ना! ती नानांची डबीच नाहीये!" ताई किंचाळली. "ती आमची आहे, खाऊची! आई भरायला विसरली म्हणून ती रिकामी आहे. ढब्बूने तिच्यातलं काही नाही खाल्लं. त्याने मला सांगितलं होतं खाऊ नाही म्हणून. आणि मी त्याला म्हटलं, जा, तूच शोध. मी म्हटलं. मी पुस्तक वाचत होते."

सगळे थांबले. आईने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. छापलेल्या पानावरची एक चुकलेली मात्रा जिला दिसते, तिला मी आत्ता दिसले.

"हो," ती म्हणाली. "ही ती नाही. खरी घरी राहिली."

नळी बाजूला ठेवली गेली. आईने नानांना फोन लावला. नाना तोवर टेबलाखाली गुडघ्यांवर बसून भिंगाने फरशी शोधत होते. "दोन सापडल्या," ते फोनवर म्हणाले. "पांढरी आणि पिवळी. दातांच्या खुणा आहेत, थुंकून टाकल्यात. गुरुवारपासूनचे सगळे खण भरलेले आहेत. गुलाबी नाही सापडत गं. माझी गुलाबी नाही सापडत."

गुलाबी गोड असते.

निरोप मिळताच बाबा कामावरून घरी गेले आणि हाताचं काळं ग्रीस न पुसता माझ्या बहिणीला घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरांनी तिच्यातली गुलाबी गोळी पाहिली आणि सरळ सांगितलं. "एकच गोळी आहे, पण लहान मुलाला एकही वाईट असते. ही रक्तातली साखर उतरवते. किती उतरवेल आणि कधी, ते आज सांगता येत नाही. उद्यापर्यंत तो इथेच राहील आणि आम्ही सारखं बोट टोचून तपासत राहू."

पहिल्या तपासणीत सगळं ठीक होतं. दुसऱ्यातही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला. ढब्बूच्या कपाळावर घाम आला होता, हात थरथरत होते, तो आईला बघून न बघितल्यासारखं करत होता. त्याला सलाईनमधून साखरेचं पाणी लावलं. मी खाटेशेजारच्या टेबलावर होते आणि त्याच्या हनुवटीकडे बघत होते. ती थरथरतेय की थांबली, थरथरतेय की थांबली. आकडा वर आला. पुन्हा उतरला. पुन्हा नळीचा वेग वाढवला.

ताई बाहेरच्या बाकावर बसून होती. मधेच आई तिच्याजवळ गेली. दार उघडं होतं.

"आई, मी त्याला मारलं का गं?"

"नाही."

"मग तो हाक का मारत नाहीये?"

आई तिच्याशेजारी बसली. तिला खोटं बोलता येत नाही. "दमलाय तो," ती म्हणाली. "आणि हे ऐक. त्या चौकटीत मी तुझं नाव लिहिलं होतं. मी! तू आठ वर्षांची आहेस. पुस्तक वाचत होतीस, तेच तुझं काम होतं. त्याच्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं, ते मी कागदावर लिहून तुझ्या डोक्यावर ठेवलं. मघाशी तू बोलली नसतीस तर त्यांनी त्याचं काय काय केलं असतं, माहीत आहे?"

"मी उशिरा बोलले."

"बोललीस ना!" आई म्हणाली, आणि मग दोघी रडल्या.

रात्र कशी गेली ते मला सांगता येणार नाही. मला पिशवीत टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाहेर काढलं तेव्हा ढब्बू उशीला टेकून बसला होता आणि नर्सला विचारत होता, "तुझ्या सुईला पण वार असतात का?" आकडा रात्रभर स्थिर राहिला होता. दुपारी त्याला घरी सोडलं. डॉक्टरांनी मला आईच्या हातात परत दिलं. "हिचं काय करायचं ते बघा," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नाना बराच वेळ ढब्बूला मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या गोळ्यांसाठी बाबांनी भिंतीत उंचावर कुलपाचं कपाट बसवलं, आणि किल्ली नानांनी स्वतःहून सुनेकडेच ठेवायला दिली. "गोळी देताना माझ्या तोंडाकडे बघत जा," ते म्हणाले. "आणि घेतली की मला सांग, घेतली म्हणून. आता मला माझा भरवसा नाही." आईने तक्ता काढला आणि नवा लावला. त्यात चौकटी कमी आहेत. ताईच्या नावापुढे तिचंच शिकणं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

मग आईने मला समोर घेतलं. मला वाटलं, आता कचऱ्याची पेटी. मी तयार होते. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फेकलं असतं तरी चाललं असतं.

पण आईने माझं पहिलं झाकण मागे वाकवलं आणि कट्कन तोडलं. मग दुसरं. बुधवारचं तिने जरा वेळ धरून ठेवलं आणि तेही तोडलं. सातही गेली. औषधाच्या डबीसारखं दिसण्यासारखं माझ्यात काही राहिलं नाही. आता मी मुलांच्या टेबलावर उघडीवाघडी असते. एका खणात खोडरबर, एकात रंगीत खडूंचे तुकडे, एकात पेन्सिलीचा भुसा. वरून बघितलं की सगळं दिसतं.

मला अजून भीती वाटते. छोटं बोट माझ्याकडे आलं की वाटते. ती जावी असं मला वाटत नाही. म्हणून तुम्हाला एकच विनवणी आहे. ज्या डबीत काहीतरी खुळखुळतं, ती उघडण्याआधी मोठ्यांना दाखवा. कितीही गोड दिसलं, कितीही आपलं वाटलं, तरी आधी विचारा. आणि ही गोष्ट तुम्हाला कुणी मोठं माणूस वाचून दाखवत असेल, तर त्यांना माझं सांगणं आहे, की मुलांना शिकवायला काहीही घ्या, पण औषधाच्या डबीला खेळणं करू नका. मुलं फार लवकर शिकतात. आम्ही शिकवलेलं ती कुठे वापरतील, ते आम्हाला माहीत नसतं.

परवा ढब्बू माझ्यापाशी आला. माझा सगळा जीव गोळा झाला. त्याने सातही खण वरून पाहिले. खोडरबर, खडू, भुसा. झाकण नाही, आवाज नाही, आत लपलेलं काही नाही. "यात काहीच नाहीये," तो कंटाळून म्हणाला आणि चेंडू शोधायला निघून गेला. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी मोठी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.